एथेलबर्ट ब्लॅटर

एथेलबर्ट ब्लॅटर (१५ डिसेंबर १८७७ – २६ मे १९३४) हे मूळचे स्वित्झर्लंडचे, येशूसंघाचे (जेझुइट) धर्मगुरू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते व १९१९ ते १९२४ या काळात त्यांनी तेथील प्राचार्यपद सांभाळले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते उपाध्यक्षही होते. मुंबई इलाखा, राजपुतान्याचे वाळवंट, सिंधू नदीचा त्रिभुज प्रदेश, एडन, अरबस्तान आणि काश्मीर येथील वनस्पतींवर त्यांनी विपुल लेखन केले. सेंट झेवियर्समधील शुष्क वनस्पतिसंग्रह त्यांनी उभारला आणि तो आज 'ब्लॅटर हर्बेरियम' या नावाने ओळखला जातो. १९३२ मध्ये एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलचे योहानेस ब्रूल स्मृतिपदक प्रथम त्यांना देण्यात आले.

जीवन

ब्लॅटर यांचा जन्म स्वित्झर्लंडमध्ये झाला. तरुणपणीच ते येशूसंघात दाखल झाले आणि १९०३ मध्ये मुंबईस आले. त्या वेळी सेंट झेवियर्स महाविद्यालय जर्मन येशूसंघीयांच्या व्यवस्थापनाखाली होते व विज्ञानशाखेची बांधणी चालू होती. वनस्पतिशास्त्र शिकविण्याचे काम ब्लॅटर यांच्याकडे आले. पुढे धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठी ते युरोपात गेले. त्या वास्तव्यात लंडनमधील ब्रिटिश म्युझियम व क्यू येथील राजोद्यानातील संग्रह पाहण्याची संधी त्यांनी घेतली. हिंदुस्थानातून शंभर-दीडशे वर्षे गेलेले नमुने तेथे होते. अनेक जातींची मूळ वर्णने ज्या नमुन्यांवरून लिहिली गेली ते नमुनेही तेथेच असल्याने हा अनुभव त्यांच्या पुढील कामाचा पाया ठरला.

पहिले महायुद्ध सुरू असताना ते मुंबईस परतले. युद्धामुळे जर्मन नागरिक असलेल्या येशूसंघीयांना ब्रिटिश सरकारने देशाबाहेर पाठविले आणि महाविद्यालयातील अध्यापकवर्ग एकाएकी विस्कळीत झाला. ब्लॅटर तटस्थ स्वित्झर्लंडचे असल्याने मुंबईत राहू शकले. अध्यापन, प्रशासन आणि संशोधन हे तिन्ही भार त्यानंतर त्यांच्यावर पडले. वाळवंटी वनस्पतींवरील त्यांचे मुख्य काम याच धकाधकीच्या वर्षांत झाले.

वनस्पतिसंग्रह

१९०६ मध्ये ब्लॅटर यांनी महाविद्यालयात शुष्क वनस्पतिसंग्रहाची सुरुवात केली. फुले-फळे असलेली फांदी दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि तिच्यासोबत स्थळ, दिनांक व गोळा करणाऱ्याचे नाव लिहून ठेवायचे, अशी ही पद्धत आहे. संग्रहाचा उपयोग केवळ अध्यापनापुरता नव्हता. एखादी जाती एखाद्या ठिकाणी आढळते, असे लिहिणाऱ्याला ते विधान ज्यावर आधारलेले आहे तो नमुना पुढे करता आला पाहिजे आणि दुसऱ्या अभ्यासकाला तो पुन्हा तपासता आला पाहिजे, हा त्यामागील विचार होता.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. वाळल्यावर फुलाफळांचा रंग जातो, गर आकसतो, वास व चव तर उरतच नाहीत. ज्या खुणांवरून गावातील माणूस झुडूप ओळखतो त्यांपैकी बऱ्याचशा खुणा कागदावर नाहीशा होतात. त्यामुळे जवळच्या दोन जाती वेगळ्या ओळखताना वाळल्यावरही टिकणारी लक्षणे शोधावी लागतात. देठ आहे की नाही, कळीचा आकार कसा आहे, पाकळ्यांची ठेवण कोणती, फुलोरा सैल आहे की दाट, ही अशी लक्षणे होत.

वाळवंटाचा अभ्यास

१९१७ मध्ये पावसाळा संपल्यावर ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी एफ. हॉलबर्ग यांनी जोधपूर व जैसलमेर संस्थानांचा दौरा केला. त्यातून तयार झालेला 'भारतीय वाळवंटातील वनस्पती' या विषयावरील प्रबंध १९१८ ते १९२१ या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाला. थरच्या वनस्पतींचा हा पहिला पद्धतशीर अभ्यास मानला जातो.

प्रबंधात जातींची केवळ यादी नाही. जमिनीच्या स्वरूपानुसार वाळवंटातील वनस्पतींचे पाच समूह त्यात केलेले आहेत : पाण्यातील, वाळूतील, खडीच्या जमिनीवरील, खडकावरील आणि मनुष्यवस्तीच्या आसपासचे. त्यांनी गोळा केलेल्या वनस्पतींच्या अंतर्रचनेचा अभ्यास टी. एस. सबनीस यांनी केला. कोरड्या हवेत तग धरण्यासाठी पाने, खोड व मुळे यांत कोणते बदल होतात, हे सबनीस यांच्या लेखमालेत दाखविलेले आहे.

या वनस्पती वाळवंटात कोठून आल्या, हा प्रबंधातील महत्त्वाचा प्रश्न होता. प्रत्येक जातीचा जगातील प्रसार पाहून ती पश्चिमेकडील, म्हणजे आफ्रिका-अरबस्तानकडील आहे की पूर्वेकडील, हे ठरवावयाचे आणि दोन्ही गटांची संख्या ताडून पाहावयाची, अशी पद्धत लेखकद्वयाने अवलंबिली. थरमध्ये पश्चिमेकडील घटक पूर्वेकडील घटकांहून अधिक आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष सर्वस्वी जातींच्या अचूक ओळखीवर अवलंबून होता. दिसायला सारख्या दोन झुडपांपैकी एक आफ्रिकेपर्यंत पसरलेले व दुसरे भारतीय उपखंडाच्या परिसरातील असेल, तर नावातील एका चुकीने झाड एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जाते. अशा चुका साठल्या की वाळवंटाचा इतिहासच वेगळा दिसू लागतो.

पिलूच्या दोन जाती

या अडचणीचे ठळक उदाहरण म्हणजे पिलूची झुडपे. साल्व्हाडोरा या प्रजातीच्या दोन जाती थरमध्ये एकाच परिसरात वाढतात आणि ब्लॅटर-हॉलबर्ग यांच्या यादीत दोन्हींचा समावेश आहे. बार्सिलोना येथील औषधविक्रेते व निसर्गाभ्यासक हुआन साल्व्हाडोर यांच्या नावावरून प्रजातीचे नाव पडले. साल्व्हाडोरा पर्सिका ही जाती लिनीयस यांनी १७५३ मध्ये नोंदविली, तर साल्व्हाडोरा ओलिऑइडिस या जातीचे वर्णन फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ डकेन यांनी एकोणिसाव्या शतकात केले.

दोन्ही झुडपे सदाहरित, वेड्यावाकड्या खोडांची, जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या फांद्यांची असतात. समोरासमोर येणारी जाडसर पाने आणि बारीक हिरवट फुले हीही दोन्हींत समान लक्षणे. मराठी व संस्कृतमध्ये पिलू किंवा पीलु हे नाव दोहोंनाही लागते. मारवाडात मात्र लोक त्यांना चवीवरून वेगळे ओळखतात. पर्सिका ही 'खारा जाल' आणि ओलिऑइडिस ही 'मीठा जाल'. मीठ्या जालची गोड फळे उन्हाळ्यात खाल्ली जातात व वाळवूनही ठेवतात. खाऱ्या जालची फळे तिखट लागतात आणि तिच्या काड्या दातवण म्हणून वापरतात. अरबी प्रदेशात हेच दातवण 'मिसवाक' या नावाने प्रसिद्ध आहे.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोहोंतील फरक पुढीलप्रमाणे आहेत. पर्सिकाची पाने अंडाकृती ते लंबवर्तुळाकार व हिरवी असतात. ओलिऑइडिसची पाने अरुंद, भाल्यासारखी आणि करडी झाक असलेली असतात. पर्सिकाचे प्रत्येक फूल स्वतंत्र लहान देठावर येते आणि फुलोरा सैल, फांद्यायुक्त असतो. ओलिऑइडिसची फुले जवळजवळ बिनदेठाची असून दाट कणिशांत एकवटलेली असतात. पिकल्यावर पर्सिकाचे फळ लालसर होते, ओलिऑइडिसचे पिवळे.

फळाचा रंग ही सर्वांत सोपी खूण असली तरी संग्रहात ती फसवी ठरते, कारण पिवळे फळही वाळल्यावर तांबूस-तपकिरी होते. पानांची रुंदी एकाच झाडावरही कमी-अधिक होते. म्हणून शंका असेल तेथे देठ पाहावे लागते. मारवाडातील माणसाने जिभेने केलेला भेद आणि अभ्यासकाने भिंगातून केलेला भेद अखेर एकाच ठिकाणी येतात. मात्र कागदावरील वाळक्या नमुन्याला जिभेची कसोटी लावता येत नाही.

प्रसाराच्या दृष्टीनेही दोन्ही जाती भिन्न आहेत. पर्सिका आफ्रिकेपासून अरबस्तानमार्गे भारतापर्यंत पसरलेली आहे आणि खारट जमीन सहन करीत असल्याने ती समुद्रकिनारीही वाढते. महाराष्ट्रात ठाण्याच्या खाडीसह किनाऱ्यावरील खाजणांच्या कडेला ती आढळते. ओलिऑइडिसचे मुख्य क्षेत्र वायव्य भारत व पाकिस्तानचा कोरडा प्रदेश हे आहे. वाळवंटातील पश्चिमी घटकांची मोजदाद करताना दोहोंना एकच मानले असते तर हा फरक नजरेआड झाला असता.

रुई, मंदार आणि मुरबाड-शहापूरचा परिसर

तत्कालीन ठाणा जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर तालुके मुंबई इलाख्याच्या वनस्पतिविषयक कामाच्या कक्षेत येत. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या भागात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर जैसलमेरमध्ये सुमारे दोनशे मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. असे असूनही दोन्ही ठिकाणी रस्त्याकडेला व पडीक जमिनीवर रुईचे झुडूप दिसते. राखाडी, जाड पाने, तोडताच येणारा पांढरा चीक आणि फुटल्यावर रेशमी कापसासह उडणाऱ्या बिया, या खुणांमुळे दोन्हींकडचे झुडूप एकच असावे, असे सहज वाटते. परंतु थरमधील रुई प्रामुख्याने कॅलोट्रोपिस प्रोसेरा आहे, तर मुरबाड-शहापूरच्या शेतबांधांवर व माळांवर दिसणारी रुई प्रामुख्याने कॅलोट्रोपिस जायगँटिया.

जायगँटियाची नोंद लिनीयस यांनी १७५३ मध्ये व प्रोसेराची नोंद विल्यम एटन यांनी १७८९ मध्ये केली. दोघांनीही त्या वेळी त्या वेगळ्या प्रजातीत घातल्या होत्या. पुढे रॉबर्ट ब्राउन यांनी कॅलोट्रोपिस ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. जायगँटियाचे फूल मोठे, कळी अंडाकृती आणि उमलल्यावर पाकळ्या पसरलेल्या किंवा मागे वळलेल्या असतात. प्रोसेराचे फूल लहान, कळी गोलसर आणि पाकळ्या उभ्या असून त्यांची टोके आतून जांभळी असतात. फुलाच्या मध्यभागी असलेल्या तोरणाचे भाग जायगँटियात मधल्या स्तंभाहून आखूड असतात, तर प्रोसेरात ते स्तंभाएवढे किंवा किंचित उंच असतात.

लोकव्यवहारात मात्र भेद रंगावरून केला जातो. जांभळट फुलांची ती रुई आणि पांढऱ्या फुलांचा तो मंदार, अशी समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. काही ग्रंथांत मंदार हे नाव प्रोसेराला दिलेले असते, तर बोलण्यात ते बहुधा पांढऱ्या फुलांच्या झुडपाला लागते. जायगँटियाची फुले जांभळट तसेच पांढरीही असतात. त्यामुळे केवळ पांढऱ्या रंगावरून जाती बदलत नाही. शनिवारी मारुतीला घातली जाणारी रुईच्या पानांची माळ, रथसप्तमीच्या स्नानातील अर्कपत्रे आणि पांढऱ्या रुईच्या मुळाला गणेशस्वरूप मानण्याची प्रथा यांमध्ये दोन्ही नावांची सरमिसळ झालेली दिसते. आयुर्वेदीय निघंटूंनी अर्क व अलर्क असे दोन प्रकार सांगितले असले तरी त्यांचा आजच्या दोन जातींशी मेळ घालताना हीच अडचण येते.

प्रसाराचा मुद्दा येथेही निर्णायक आहे. प्रोसेरा ही आफ्रिका व अरबस्तानपासून वायव्य भारतापर्यंतच्या शुष्क पट्ट्याची, तर जायगँटिया ही भारतापासून आग्नेय आशियापर्यंतच्या तुलनेने दमट प्रदेशाची वनस्पती आहे. माळशेज घाट चढून पर्जन्यछायेच्या पठारावर गेल्यावर कोरड्या भागांत प्रोसेराही आढळू लागते. पश्चिमेकडील व पूर्वेकडील वनस्पतिसमूहांमधील जी सीमा ब्लॅटर थरच्या संदर्भात शोधीत होते, तिचीच एक अंधुक रेषा सह्याद्रीच्या दोन बाजूंना रुईच्या रूपाने दिसते.

मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचे पुनरीक्षण

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला होता. कुक यांनी तो निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये, मुख्यतः संग्रहातील नमुन्यांच्या आधारे पूर्ण केला. त्यानंतर मिळालेले नमुने व बदललेली नावे लक्षात घेऊन त्याचे पुनरीक्षण करण्याचे काम ब्लॅटर यांनी चार्ल्स मॅककॅन (१८९९–१९८०) यांच्या साहाय्याने हाती घेतले. मॅककॅन हे सेंट झेवियर्सचे माजी विद्यार्थी व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे कार्यकर्ते होते. रानावनात हिंडून वनस्पती गोळा करण्यात त्यांचा हातखंडा होता. पुनरीक्षणाचे भाग सोसायटीच्या नियतकालिकात १९२६ पासून प्रसिद्ध होत राहिले. ब्लॅटर, मॅककॅन आणि सबनीस या तिघांनी मिळून सिंधूच्या त्रिभुज प्रदेशातील वनस्पतींवरही लेखमाला लिहिली.

पाचगणी व अखेरची वर्षे

प्राचार्यपद सोडल्यानंतर, ढासळत्या प्रकृतीमुळे, ब्लॅटर यांनी पाचगणी येथे वास्तव्य केले. तेथे धर्मगुरू म्हणून काम करीत असतानाच त्यांचे लेखन चालू राहिले. ताडवर्गीय वनस्पती व काश्मीरची फुले यांवरील त्यांचे ग्रंथ याच काळात बाहेर पडले. २६ मे १९३४ रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. इलाख्यातील गवतांवरील व भारतीय वृक्षांवरील पुस्तके त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाली. अरबस्तानच्या वनस्पतींवरील ग्रंथाचा शेवटचा भागही १९३६ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर निघाला.

प्रमुख ग्रंथ व लेखमाला

• एडनच्या वनस्पती (१९१४–१६)
• भारतीय वाळवंटातील वनस्पती, एफ. हॉलबर्ग यांच्यासह (१९१८–२१)
• अरबस्तानच्या वनस्पती (१९१९–३६)
• मुंबई इलाख्यातील नेचे, जे. एफ. डी'आल्मेडा यांच्यासह (१९२२)
• ब्रिटिश हिंदुस्थान व सिलोनमधील ताडवृक्ष (१९२६)
• काश्मीरची सुंदर फुले, दोन खंड
• मुंबई इलाख्यातील गवते, चार्ल्स मॅककॅन यांच्यासह (१९३५)
• काही सुंदर भारतीय वृक्ष, डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्यासह (१९३७)

वारसा

ब्लॅटर यांच्यानंतर सेंट झेवियर्समधील संग्रहाची परंपरा स्पेनहून आलेले येशूसंघीय वनस्पतिशास्त्रज्ञ हर्मेनेगिल्ड सांतापाव (१९०३–१९७०) यांनी पुढे नेली. सांतापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. मुंबई इलाख्यातील रुईच्या कुलावरील त्यांचा व एन. ए. इराणी यांचा प्रबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला.

ब्लॅटर यांचे काही निष्कर्ष पुढील संशोधनात बदलले गेले. वाळवंटातील पूर्व-पश्चिम घटकांच्या प्रमाणाबद्दल नंतरच्या अभ्यासकांनी वेगळी मते मांडली आणि अनेक जातींची नावेही बदलली. नमुने मात्र जोधपूर-जैसलमेरच्या नोंदींसह जपून ठेवलेले असल्याने जुनी ओळख तपासून पाहणे व चुकली असल्यास सुधारणे शक्य झाले. पश्चिम भारतातील झुडपाची ओळख शंकास्पद वाटल्यास अभ्यासक आजही ब्लॅटर हर्बेरियममधील कागद उघडून देठ, कळी आणि पाकळी पाहतात. वर्णनांइतकाच, वर्णन पडताळून पाहण्याची ही सोय मागे ठेवणे, हा ब्लॅटर यांच्या कार्याचा टिकाऊ भाग मानला जातो.